ती सही तुझी नव्हती, मिलिंद

मिलिंद, लेका, ही काय जायची पद्धत झाली?

मंगळवारी सकाळी रेखावहिनींचा फोन आला तेव्हा मी डबा भरत होते. "सुषमाताई, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, "कुठं?" खरंच विचारलं रे. तू पॉलिटेक्निकात शिकवायला लागल्यापासनं परीक्षेच्या ड्युट्या लागून कुठंकुठं जायचास. मला वाटलं, तसाच गेला असशील आणि मोबाइल लागत नसेल. मग त्यांचा आवाज फुटला आणि मी म्हटलं, "नक्की का?" आयुष्यभर प्रोग्रॅम तपासत बसलेल्या बाईनं, नवरा गेलेल्या बाईला काय विचारलं बघ. नक्की का म्हणे. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

आंघोळीला म्हणून आत गेलास, बराच वेळ आला नाहीस, दार तोडलं. बस्स. चाळिशी गाठली नव्हतीस अजून. गेल्याच महिन्यात नोकरीतली तपासणी झाली होती आणि सगळे रिपोर्ट चांगले आले होते. स्मशानात दोघंतिघं पुटपुटत होते, "शरीर आधी सांगत असतंय बघा, आपलं लक्ष नसतंय." मी भडकलेच. म्हटलं, "काय सांगितलं वो त्यानं? कुणाला सांगितलं? तुम्ही हुता काय तिथं?" ते बिचारे मागं सरकले. तू असतास तर म्हणाला असतास, सुषमे, आवाज कमी कर, मयताला आलीयास.

आज दहावा दिवस. विहारातल्या तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाहून घरी आले आणि सरळ लिहायला बसले. तुला आठ वर्षांत सांगितली नाही ती गोष्ट आज सगळ्यांना सांगून आले. आता तुला सांगते. दुधाच्या प्रोग्रॅममधली ती सही तुझी नव्हती. तुझ्या नावानं ती मी घातली होती.

घे. किती सोपं होतं. एका ओळीत मावलं.

आता सगळं पहिल्यापासनं ऐक. तुला माहीत असलेलंही ऐक, कारण त्यातलं काय काय तुला माहीत नव्हतं हे माझं मलाच नीट लावून बघायचंय.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्या झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. चार कॉम्प्युटर, एक धडधडणारा प्रिंटर आणि उन्हाळ्यात तापणारा पत्रा. आपण गावोगावच्या दूध डेअऱ्यांसाठी प्रोग्रॅम लिहायचो. दूध काट्यावर ठेवलं की वजन यायचं, वाटीभर दूध फॅट मशीनला लावलं की फॅट यायची, आणि आपला प्रोग्रॅम दोन्ही आकडे घेऊन चिठ्ठी छापायचा. मी जयसिंगपूरहून रोज रेल्वेनं यायची, तू विचारेमाळातनं सायकलीवर. माझ्या घरी तीन पिढ्यांचं दुकान, मी नोकरी केली काय, नाही केली काय. तुझ्या घरात तू पहिला इंजिनिअर. तुझे वडील फौंड्रीत, आई दुसऱ्यांच्या रानात भांगलायला. हा फरक मला तेव्हा दिसायचा नाही. तुला रोज दिसत असणार.

मग ती पुण्याची पार्टी आली. त्यांना आपला प्रोग्रॅम शेकड्यानं गावांत बसवायचा होता, पण अट एकच. त्यांनी पाठवलेल्या तपासणीच्या सॉफ्टवेअरमधनं आपला कोड पास झाला पाहिजे, आणि शेवटी कागदावर आलं पाहिजे: वॉर्निंग शून्य. ते सॉफ्टवेअर प्रोग्रॅम चालवून बघायचंच नाही. नुसतं वाचायचं आणि दोष काढायचं.

पहिल्यांदा लावलं तो दिवस आठवतो? दोन तास मशीन घरघरत होतं. मग प्रिंटर सुरू झाला तो थांबेच ना. कागदाची पट्टी टेबलावरनं खाली, खालनं दारापर्यंत. आठशेच्या वर वॉर्निंगा! तीन वर्षं गावोगाव बिनबोभाट चाललेल्या प्रोग्रॅमला. हा आकडा वापरलाच नाही, ही अट कायमच खरी आहे, इथं हे रिकामं असू शकेल, तिथं ते भरून वाहू शकेल. शकेल, शकेल आणि शकेल. जर हे असं झालं तर, आणि जर ते तसं झालं तर. मी वैतागून म्हटलं, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं!" तू इतका हसलास की खुर्चीवरनं पडायचा राहिलास. त्या दिवसापासनं त्या सॉफ्टवेअरचं नाव आत्याबाई पडलं. लग्नात येऊन वरणात मीठ कमी आणि नवरी काळी म्हणणारी आत्या असते ना प्रत्येकाच्या घरात, तीच.

आणि काय छळलं रे तिनं! एक दोष काढावा तर त्याच्या पोटातनं तीन नवे निघायचे. तिचं समाधान व्हावं म्हणून मी एक चांगला चाललेला भाग बदलला, तर काट्यावरचं वजनच यायचं बंद झालं. तिचं नवं व्हर्जन आलं आणि आधी मिटवलेल्यातले निम्मे दोष पुन्हा उभे राहिले. त्या दिवशी मी पेन भिंतीवर फेकून मारलं. आपले मालक, सर, रोज संध्याकाळी विचारायचे, "आज किती उरल्या?" प्रोग्रॅम बरा चालतोय का, हे विचारायचं सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

तुझं आणि माझं भांडण तिथलंच. मी म्हणायची, ही बया दिवसभर ओरडती, त्यातलं खरं कुठलं ते कसं कळायचं? शेजारच्या घरात रोज आरडाओरड असली की एखाद्या दिवशी खरोखर चोर शिरला तरी कोण उठत नाही. तू म्हणायचास, "सुषमे, ती येडी हाय, पण खोटारडी न्हाय. तिला जेवढं दिसतंय तेवढंच सांगती. उरल्यालं आपण बघायचं." मी म्हणायची, "मग पगार तिला दे." हे भांडण आपण चहावर केलं, जिन्यात केलं, मिसळीच्या दुकानात रस्सा दोनदा घेऊन केलं. कुणी जिंकलं नाही.

तिला गप्प करायची एक सोय होती. ओळीच्या डोक्यावर ठरावीक खूण लिहिली की त्या ओळीपुरती आत्याबाई मुकी. तूच सरांना सांगून नियम केलास, की खूण एकट्यानं घालायची नाही. लिहिणाऱ्यानं आपलं अक्षर घालायचं, दुसऱ्यानं ती ओळ वाचायची, पटली तर शेजारी त्याचं अक्षर. माझा 'सु', तुझा 'मि'. तू एकेक ओळ बोट ठेवून वाचायचास. मला दहा वेळा बोलावून विचारायचास, "हितं असं का केलंयस?" मला राग यायचा. मी तुझ्या ओळी कशा बघायची सांगू? वरवर. मिलिंदनं लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. बघितलं बघितलं म्हणायची आणि 'सु' ठोकायची.

त्या आठवड्यात कोड पुण्याला पाठवायचा होता. तुझ्या बहिणीला गगनबावड्याला दिलेली, तिला मुलगी झाली म्हणून तू एक दिवसासाठी गेलास आणि रस्त्यावर पाणी आलं. एसटी बंद, फोन बंद. इकडं शेवटची एक वॉर्निंग उरलेली. माझ्याच भागात. आत्याबाई म्हणत होती, फॅट मशीननं उत्तर दिलंच नाही तर या आकड्यात आधीचंच काहीतरी राहील. मी म्हटलं, मशीन उत्तर का देणार नाही? ऑफिसात शंभर वेळा दिलं. परत आत्याबाईच्या मिशा. सर दारात उभे, कुरिअरवाला खाली, माझी जयसिंगपूरची गाडी सुटायला पाऊण तास. खूण घातली. माझा 'सु' घातला. आणि शेजारी 'मि'.

हात थरथरला बिरथरला काही नाही. खोटं कशाला बोलू? अगदी सहज घातला. मनात म्हटलं, आल्यावर सांगीन त्याला, शिव्या घालेल, मिटेल. तू तीन दिवसांनी आलास, पेढे घेऊन आलास, आणि मी विसरले. खरंच विसरले रे.

मग तीन महिन्यांनी पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावातनं बातमी आली. डेअरीत वीज गेली-आली की फॅट मशीन क्षणभर मुकं व्हायचं आणि आपला प्रोग्रॅम आधीच्या माणसाचीच फॅट पुढच्याच्या चिठ्ठीवर छापायचा. एका म्हातारीच्या म्हशीच्या दुधाला आधीच्या माणसाच्या गाईची कमी फॅट लागली. एकदा नाही, चार दिवसांत तीनदा. सेक्रेटरीनं रांगेसमोर म्हटलं, "पाणी घालतीस व्हय गं म्हातारे? सोभतंय का ह्या वयात?" तिनं दुसऱ्या दिवशी म्हैस डेअरीच्या दारात आणून बांधली आणि म्हणाली, हितंच पिळा. तेव्हा घोळ उघडा पडला.

सरांनी आपल्या सगळ्यांना उभं केलं. ती ओळ पडद्यावर काढली. "यंत्र ओरडून सांगत होतं," सर म्हणाले, "आणि तुम्ही त्याचं तोंड बांधलंत. लिहिताना चूक होते, मला मान्य आहे. पण बघणारा कशासाठी ठेवलाय? कुणी बघितलं हे?"

'मि'.

तू पुढं झालास. वाकून बघितलंस. कितीतरी वेळ बघत होतास. तारीख लिहायची पद्धत आपण ठेवली नव्हती, नाहीतर मी तिथंच पकडले गेले असते. त्या महिन्यात तू अशा शेकडो ओळी बघितल्या होत्यास. मी तुझ्यापासनं हातभर अंतरावर होते, मिलिंद. तू सरळ झालास आणि म्हणालास, "असंल सर. अक्षर माझंच हाय. बघिटलं असंल मी, ध्यानात आलं नसंल."

आणि मी गप्प बसले.

बाहेर जिन्यात आपल्यातलाच एक जण दुसऱ्याला म्हणाला, "कोट्यातनं आल्यावर असंच व्हायचं." तू दोन पायऱ्या खाली होतास. तुला ऐकू गेलं की नाही, मला कधी कळलं नाही. मला गेलं. तेव्हा तरी बोलायला पाहिजे होतं ना? माझ्या बापाचं काय जाणार होतं? फार तर नोकरी गेली असती, दुकानात बसले असते. मी खाली गेले, तुझ्याबरोबर चहा प्याले आणि म्हणाले, "जाऊ दे रे, आत्याबाईच भंगार आहे."

तू त्या गावाला गेलास. मला म्हणालास, "तूबी चल, लिव्हलंयस तू." सकाळच्या दुधाच्या वेळेला, त्याच रांगेसमोर, त्या म्हातारीला म्हणालास, "मावशी, तुमच्या दुधात पाणी न्हवतं. चूक माझी हाय." ती तुझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "एवढं सांगाय आलास व्हय कोल्हापुरातनं? च्या पिऊन जा." आपण तिच्या सोप्यात बसून चहा प्यालो. माझ्या घशाखाली उतरेना. तू म्हणालास, "साखर जास्त झालीय काय?"

त्यानंतर तू बदललास. सहीबरोबर तारीख लिहायचा नियम तूच काढलास. कुठली ओळ तीनदा वाचल्याशिवाय सोडेनास. आधी 'उरल्यालं आपण बघायचं' म्हणणारा तू, आता तिनं कुठंही बोट दाखवलं की तिच्यापुढं मान घालायचास. चांगला लिहिलेला कोड तिच्या शंकेपायी उकलून परत लिहायचास. सर म्हणायला लागले, मिलिंद हुशार आहे पण वेळ लावतो. मग टीम मला दिली. दीड-दोन वर्षांत तू पॉलिटेक्निकात गेलास. पेढे मीच वाटले.

सांगायचा प्रयत्न मी एकदा केला. पन्हाळ्याला, आपल्या दोन्ही घरांची सहल गेली होती तेव्हा. झुणका-भाकरी खाऊन पोरं तटबंदीकडं पळाली, वहिनी त्यांच्या मागं. आपण दोघंच. मी म्हटलं, "मिलिंद, ती दुधाची भानगड आठवते?" तू म्हणालास, "न आठवायला काय झालं? त्या दिसापासनं माझाच माझ्या डोळ्यांवर भरवसा उरला न्हाय बघ. ओळ समोर हुती, मी बघिटली, आन् दिसली न्हाय." अगदी साधं म्हणालास, भाकरीचा तुकडा मोडता मोडता. सांगायची वेळ ती होती. मी काय म्हटलं? "सोड की रे, किती दिवस तेच." भ्याले, मिलिंद. तू माझ्याशी बोलायचा बंद होशील म्हणून भ्याले. स्वतःची मैत्री सांभाळायला मी तुझा तुझ्यावरचा विश्वास घालवला.

आणि मनात म्हणत राहिले, सांगू कधीतरी. घाई काय आहे? म्हातारपणी रंकाळ्यावर बाकड्यावर बसून सांगू, दोघं हसू. हे असं धरूनच चालले होते मी. तू असणारच.

आज विहारात गर्दी होती. तू शिकवलेली पोरं, फौंड्रीतली माणसं, गल्लीतल्या बायका पांढऱ्या लुगड्यांत. तुझा फोटो बघवेना. त्रिशरण-पंचशील झालं, मग एकेक जण उठून बोलायला लागला. मी बोलायचं ठरवलं नव्हतं. शपथ घेऊन सांगते, मी मागच्या भिंतीला टेकून बसून, रडून, घरी येणार होते.

मग सर उठले. थकलेत आता. म्हणाले, "मिलिंदसारखा प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही. त्याच्या हातून एकच चूक झाली, पण त्यानं ती सगळ्यांसमोर कबूल केली. कारणं दिली नाहीत. असा माणूस होता तो." मनापासनं म्हणाले रे. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. लोकांनी माना डोलावल्या. तुझ्या पोरानंही डोलावली.

मी कधी उठले मला कळलं नाही. माईकपर्यंत कशी गेले तेही नाही. म्हटलं, "ती चूक मिलिंदची नव्हती. त्या दिवशी तो गगनबावड्याला अडकला होता. त्यानं ती ओळ बघितलीच नव्हती. त्याची सही मी घातली. त्याला मी हे कधी सांगितलं नाही." बास, एवढंच. सर खाली बघत राहिले. वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि मान दुसरीकडं वळवली. सूत्रसंचालकानं माझ्या हातातनं माईक काढून घेतला आणि पुढचं नाव पुकारलं.

जेवणाची पंगत बसत होती तेव्हा तुझ्या आईनं मला हाक मारली. सतरंजीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी शेजारी बसले. त्यांनी माझं मनगट धरलं. अजून किती ताकद आहे रे त्या हातात.

"म्हंजे त्यो चुकला न्हवता?"

"न्हाय, आई. मी चुकले."

"त्येला म्हाईत हुतं?"

"न्हाय."

समोर पत्रावळी मांडल्या जात होत्या. मग म्हणाल्या, "कामाला जाताना गल्लीच्या तोंडापतुर जायचा आन् माघारी यायचा. रोज. आई, ग्यास बंद केलाय न्हवं मी? पाण्याची मोटार बंद केलीया न्हवं? मी म्हणायची, व्हय रं बाबा, मी घरात हाय की, जा तू. तरीबी चपला काढून आत यायचा, हात लावून बघायचा. कवाकवा तीनतीनदा. डाक्टरला दावला, अंगारा लावला. आदी न्हवता गं त्यो असा." माझ्याकडं वळून बघितलं त्यांनी. "ते तुझ्यापायी व्हय?"

मी म्हटलं, "व्हय."

त्यांनी माझा हात सोडला.